ब्राऊजरची जुपणी

मी दोनदा वयात आलो. एकदा सोळाव्या वर्षी, घाटात, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, शेजारी उभा असताना. दुसऱ्यांदा सत्तरी जवळ आल्यावर, घरातल्या पिठाच्या गिरणीशेजारी, सुनेनं मला कॉम्प्युटर शिकवायला घेतला तेव्हा. दोन्ही वेळी शिकायचं तेच होतं: कोण पळतो, कोण परक्याच्या हाताला जातो आणि कोण परत दावणीला येतो. पहिल्या वेळी बैल होते, दुसऱ्या वेळी ब्राऊजर. ज्यांना ब्राऊजर माहीत नाही त्यांना सांगतो, कॉम्प्युटरवरून इंटरनेटवर जायचं तर ज्या गाड्यातून जावं लागतं तो ब्राऊजर. आणि ज्यांना घाट माहीत नाही त्यांनाही सांगतो. आमच्या जुन्नर-आंबेगावकडं घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे, बैलगाडा पळवायचा चढ. गाड्याला चार बैल, त्यांच्या पुढं घोडी. खालून भिर्रर्र करून सोडायचा आणि वर निशाण पडेपर्यंत घड्याळात सेकंद धरायचे. एका गाड्याची एक दौड म्हणजे बारी. पळवण्याआधी बैल जुंपतात ती जुपणी. हे न कळणारा वाचक असेल तर त्यानं एकदा यात्रेला यावं, लिहून कळण्यासारखी ती गोष्ट नाही.

आमच्या घरात माणसांच्या आधी बैल जेवायचे. आई पहाटे उठून कणकेचे गोळे वळायची, भिजवलेली उडदाची डाळ घमेल्यात काढून ठेवायची, थंडीत त्यात अंडी फोडून घालायची. आम्हा भावंडांना बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. अंडं पाहिजे असेल तर पळून दाखव, असं आबा म्हणायचे आणि ते थट्टेनं म्हणत नसत. गोठ्यातून घुंगरमाळेचा आवाज आला की घर जागं व्हायचं. आवाज आला नाही तर आबा अंथरुणातनंच विचारायचे, "कोण उभं नाही राह्यलं?" त्यात आम्ही मुलं धरलेली नसायची.

बैल घ्यायचा तर आबा त्याच्या तीन परीक्षा घेत. पळ, हात आणि दावण, अशी त्यांची नावं होती. पळ म्हणजे पळणं, ते कुणालाही दिसतं. हाताची परीक्षा अशी की परक्या माणसाच्या मुठीत गूळ द्यायचा आणि त्याला बैलाकडं पाठवायचं. गूळ चाटून जो बैल त्या माणसाच्या मागं चालू लागला तो आबा घेत नसत, मग तो वाऱ्यासारखा पळत का असेना. आणि दावण म्हणजे बैलाला मुद्दाम लांब ओढ्याकाठी सोडून यायचं आणि ओसरीवर बसून वाट बघायची. स्वतःच्या पायांनी जो दावणीला आला तो खरा. या तीन परीक्षांत पास होणारे बैल थोडे. माणसं तर त्याहून थोडी, पण माणसं विकत घ्यायची नसल्यानं आबांनी तो विषय वाढवला नाही.

माझ्या सोळाव्या वर्षी आमच्या गावच्या यात्रेत आबांनी लोणीच्या गेनुभाऊंबरोबर गाडा जुंपला. मागची जोडी आमची, पुढची त्यांची. अशी दोन घरांची भागी आमच्याकडं नेहमी असते आणि ती सोयरिकीपेक्षा नाजूक असते. त्या दिवशी आईनं पावण्यांसाठी मासवड्या केल्या होत्या. ओल्या फडक्यावर थापलेलं बेसन, त्यात तीळ-खोबऱ्याचं सारण, गुंडाळी करून कापलेल्या वड्या आणि चुलीवर रटरटणारा तांबडा रस्सा. नावात मास असलं तरी त्यात मास नसतं, हे पुण्याकडच्या वाचकांसाठी. घाटात जुपणी झाली आणि आमचा उजवीकडचा बैल पाय रोवून उभा राहिला. हलेना. गेनुभाऊ म्हणाले, "आबा, माझा तिसरा बैल आणलाय. तुमचा सोडू, ह्यो जुंपू. अजून येळ हाय."

आबा म्हणाले, "घाटात हुबा केलेला बैल मी बदलत न्हाई."

वेळ संपली. आमची बारी बाद झाली. गेनुभाऊंनी आपली जोडी सोडली, टेम्पोत चढवली आणि ते आमच्या दारावरून न थांबता गेले. पंधरा पावण्यांच्या मासवड्या आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत खाल्ल्या. आबा जेवताना एवढंच म्हणाले, की बदलला असता तर बैलाला काय वाटलं असतं. मला ते लई मोठं वाटलं. गेनुभाऊंना काय वाटलं असेल हे त्या घरात कुणी विचारलं नाही. मीही नाही. त्या दिवशी मी वयात आलो असं मी समजत होतो.

पुढं आबा गेले, गेनुभाऊ गेले. आबांनंतर बरीच वर्षं आसपासच्या घाटांत घड्याळ धरायचं काम माझ्याकडं होतं. मधे शर्यती बंद पडल्या तेव्हा गावातल्या शहाण्यांनी बैल विकले. मी विकले नाहीत. लोक विचारायचे, "नाना, पळवायचं न्हाई तर खायाला कशाला घालता?" मी म्हणायचो, तुमीबी काय पळत न्हाई. शर्यती पुन्हा सुरू झाल्या तेव्हा माझ्याकडची जोडी उतरणीला लागली होती. एखादा हंगाम, फार तर दोन. आणि अशात मंचरच्या बाजारात कांद्याच्या गोण्यांमागून एक माणूस पुढं आला आणि माझ्या पाया पडला. गेनुभाऊंचा दौलत. म्हणाला, "नाना, पुढली जोडी माझ्याकडं हाय, मागली तुमच्याकडं. तुमच्या घाटात एकदा जुपू."

मी लगेच हो म्हणालो नाही. चहा मागवला आणि तो संपल्यावर हो म्हणालो.

अडचण टोकनची, म्हणजे बारीच्या नंबराची, होती. पूर्वी देवळासमोर चिठ्ठ्या निघायच्या. आता यात्रा कमिटीनं ते काम इंटरनेटवर टाकलेलं. ठरलेल्या दिवशी सकाळी नऊला पान उघडणार, नाव-गाव भरायचं, टोकन घ्यायचं. गाडे किती पळवायचे ते ठरलेलं, आणि भरलं की पान बंद. दौलत म्हणाला, "माझ्या पुतण्याला सांगतो, तो चुटकीसरशी काढतोय."

मी म्हणालो, "घाट आमच्या गावचा. टोकन मी काढणार."

"नाना, तिथं मिनटात भरतंय म्हणं."

"भरू दे. मी मिनटाच्या आत बसतो."

दौलत खाली बघत बोलला, "राग नका मानू. टोकन हुकलं तर मला दुसरीकडं जुपावं लागंल. एका मालकाचा निरोप आलाय. माझी जोडी दावणीला ठिवून चालायची न्हाई."

"ठिवू नको," मी म्हणालो. म्हणजे आता सगळं माझ्या बोटावर आलं. टोकन मिळालं तर माझी जोडी आबांच्या घाटात शेवटची पळणार. हुकलं तर दौलत जाणार, आणि त्यांच्या घरातला दुसरा माणूस आमच्या दारावरून तसाच जाणार. घरी आल्यावर आमच्या मंडळीला, म्हणजे इंदूला, हे सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तुमाला मोबाईलचा अलारम बंद करता येत न्हाई." हे खरं आहे. तो अजून पहाटे चारला वाजतो. मी त्या वेळी उठलेलाच असतो, म्हणून बंद करायची गरज पडली नाही.

माझी सून सुनंदा कळंबला ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवायची. रस्ता रुंद झाला त्यात ते दुकान गेलं आणि त्यातला कॉम्प्युटर आमच्या घरी आला. स्वयंपाकघराबाहेर पिठाची गिरणी आहे, तिच्या बाजूला टेबल टाकून तो बसवला. गावातले फॉर्म ती आता घरूनच भरते. मुलगा चाकणला कंपनीत, त्याची पाळी कधी दिवसाची कधी रात्रीची, त्यामुळं मला शिकवायचं काम सुनंदावर आलं. ती मला मामा म्हणते, पण शिकवताना मास्तरीण असते. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "ह्यात जायाला दरवाजे तीन कशाला?" पडद्यावर तीन ब्राऊजरची चिन्हं शेजारी शेजारी होती.

"मामा, हापिसाची काही पानं ह्याच्यातच उघडतात, काही त्याच्यातच. म्हणून तिन्ही ठेवलेत."

"तिघांत चांगला कोणचा?"

"सगळे सारखेच. ज्याची सवय तो चांगला."

हे उत्तर मला पटलं नाही. तीन बैल सारखे असं म्हणणाऱ्या माणसाला आबांनी ओसरीवर बसू दिलं नसतं. मी ठरवलं, यांची परीक्षा झाल्याशिवाय टोकनला कुणाला जुंपायचं नाही. त्यांची खरी नावं इथं लिहीत नाही. त्यांच्या मालकांशी माझं भांडण नाही आणि पुढंमागं त्यांनी स्वभाव बदललाही असेल. मी त्यांना बैलांची नावं दिली. पहिला दिसायला तुकतुकीत, तो बादल. दुसरा चित्र्या. तिसरा जुन्या वळणाचा, सुनंदाचा रोजचा कामाचा, त्याचं नाव भोळ्या.

आधी पळ. घाटातलं माझं पोलादी घड्याळ काढलं, त्याला चावी दिली. सुनंदा माऊसवर बोट ठेवून बसली. मी रुमाल खाली टाकला की तिनं बटण दाबायचं, आणि मंचरच्या बाजारभावाचं पान पूर्ण उघडलं की मी घड्याळ थांबवायचं. पहिल्याच बारीला वाद झाला. भोळ्यानं अक्षरं झटकन आणली पण चित्रं मागून एकेक करून आणत बसला. सुनंदा म्हणाली, आलं की पान. मी म्हणालो, अर्धा गाडा वर आला म्हणून कुणी निशाण टाकत नाही. ते तिला मान्य करावं लागलं, कारण घड्याळ माझ्या हातात होतं.

मग एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तेच पान दुसऱ्यांदा उघडलं की तिघंही पहिल्यापेक्षा जोरात येतात. सुनंदा सांगायला लागली की पहिल्या खेपेला ब्राऊजर पानाचा काही भाग आपल्याजवळ साठवून ठेवतो. मी तिला मधेच थांबवलं. यात सांगण्यासारखं काही नव्हतं. बैल एकदा घाट बघून गेला की दुसऱ्या बारीला त्याला चढ ओळखीचा होतो. म्हणून परीक्षा नव्या घाटात घ्यायची. आम्ही साठवलेलं पुसून टाकायचो आणि मग सोडायचो. कोण आधी पळणार याच्या चिठ्ठ्या टाकायचो, कारण शाळा सुटली की गावातली पोरं मोबाईल घेऊन बसतात आणि नेट चिखलात रुतल्यासारखं हळू होतं. जो त्या वेळी पळेल त्याच्यावर अन्याय होतो.

शेजारचा किसन तंबाखू मागायला आला आणि बसूनच राहिला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून लवकर आला. "नाना, चित्र्या आज कितीत गेला?" चावडीवर त्यानं सांगून टाकलं की नानाच्या घरी मशीनच्या बाऱ्या चालू आहेत. दोन-चार जण बघायला आले. पडद्यात काही दिसलं नाही म्हणून नाराज झाले, तरी बाजू धरून गेले. किसन चित्र्याचा. का, तर नाव चांगलं आहे म्हणून. इंदू कुणाच्याच बाजूची नव्हती. ती म्हणायची, "पाव्हण्यांनी च्या प्यावा आन् घरी जावं."

पळाच्या परीक्षेत बादल पुढं निघाला. पण बादलवर एक पान असेल तर. दहा पानं एकदम उघडली की कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा गिरणीसारखा घरघरायचा आणि बादल मान टाकायचा. त्याला वैरण फार लागते, असं मी म्हणालो. सुनंदा म्हणाली, त्याला मेमरी म्हणतात. म्हणोत. चित्र्या मधला, ओझ्याखालीही तीच चाल. भोळ्या मागं, पण त्याला घाई नव्हती.

मग हात. इथं गूळ लागत नाही, इंटरनेटवर गूळ आपणच होऊन समोर येतो. तुम्ही गाडी जिंकलात, इथं दाबा. तुमच्या कॉम्प्युटरला रोग झालाय, इथं दाबा. सुनंदानं मला पत्त्याशेजारचं कुलुपाचं चिन्ह दाखवलं आणि सांगितलं की कुलूप असलं तर वाटेत कुणी ऐकत नाही, पण पलीकडं बसलेला माणूस सज्जन आहे असा त्याचा अर्थ नाही. हे मला तिनं सांगितलेलं सगळ्यात चांगलं वाटलं. मी मुद्दाम एका वाईट पानाकडं तिघांना नेलं. बादलनं पाय रोवले. सगळा पडदा तांबडा करून पुढं जाऊ नका म्हणाला. चित्र्यानंही अडवलं, पण तो एका बँकेच्या चांगल्या पानालाही तसाच बुजला. भोळ्या सरळ आत गेला. सुनंदानं घाईनं ते पान बंद केलं आणि म्हणाली की भोळ्याला बरेच दिवस खुराक मिळालेला नाही, नव्यानं भरावा लागेल, पण मग हापिसाचं एक पान त्यात उघडणार नाही. म्हणजे ती अपडेट म्हणाली होती, खुराक नव्हे. तो शब्द माझा.

त्याहून वाईट पुढं झालं. टोकनच्या पानावर माझं खातं सुनंदानं भोळ्यातनंच उघडलं होतं, नाव आणि पासवर्ड घालून. मी किसनला म्हणालो, बस, आणि ते पान उघड. किसननं एका बोटानं उघडलं तर भोळ्यानं माझं नाव भरलं, पासवर्डचे काळे ठिपकेही भरले, आणि किसनला आत सोडून मोकळा. किसन म्हणाला, "नाना, मी तुमी झालो की."

मी सुनंदाला तिथल्या तिथं सांगितलं, "ह्याच्यातनं माझं नाव पुस. जो कुणाच्याबी हाताला जातोय त्याच्या दावणीला मी माझं नाव बांधत न्हाई."

"मामा, ती सोय असती."

"गुळाचीबी सोयच असती."

राहिली दावण. ही परीक्षा मी सुनंदाला न विचारता घेतली. तिघांमध्ये चार-चार पानं उघडून ठेवली आणि उठून मेन स्विच खाली केला. पडदा काळा झाला. गिरणीही थांबली, इंदूचं दळण त्यात अर्धं अडकलं. ती पिठाच्या हातानं बाहेर आली आणि अर्ध्या दळणाचा डबा माझ्या पुढ्यात ठेवून आत गेली. सुनंदा म्हणाली, "मामा, असं करायचं न्हाई, मशीन जाईल." मी म्हणालो, आमच्या गावात लाईट रोज जाती, तिला कोण सांगतं. पुन्हा लावल्यावर बादल आपली चारही पानं घेऊन जिथं होता तिथं येऊन उभा राहिला. मला लई बरं वाटलं. चित्र्यानं विचारलं, आधीचं परत आणू का. विचारायचं काय त्यात. आणि भोळ्या रिकामा आला, हसतमुख, जसा कधी बाहेर गेलाच नव्हता.

निकाल लागला. टोकनला बादल जुंपायचा. एकाच पानाचं काम, तिथं त्याच्यासारखा कुणी नाही. आणि निकाल लागल्यावर मी तेच केलं जे आमच्याकडं कुणीही केलं असतं. शर्यतीच्या बैलाला आधीचे दिवस आराम देतात. त्याला कामाला लावत नाहीत, घाट दाखवत नाहीत, खाऊ-पिऊ घालून ताजा ठेवतात. मी घरात सांगितलं, टोकनच्या सकाळपर्यंत बादलला कुणी हात लावायचा नाही. सुनंदाची रोजची कामं भोळ्यावर आणि चित्र्यावर चालतील. ती म्हणाली, "मामा, तो बैल न्हाई. त्याला थकवा येत न्हाई." मी म्हणालो, मग आराम दिल्यानं त्याचं नुकसानबी न्हाई. याला तिच्याकडं उत्तर नव्हतं. आज मला वाटतं, उत्तर असावं. तिनं ते दिलं नाही.

टोकनच्या दिवशी दौलत लोणीवरून मोटारसायकलवर आला. आठलाच. गिरणीच्या खोक्यावर बसला. इंदूनं मासवड्यांचं बेसन घाटायला घेतलं होतं, तिळाचा वास टेबलापर्यंत येत होता. मी न्हाऊन, टोपी घालून कॉम्प्युटरसमोर बसलो. पासवर्ड मला पाठ होता, तो बोटानं हवेत दोनदा लिहून बघितला. घड्याळ शेजारी. नऊला थोडं कमी असताना मी बादलवर माऊस नेला आणि दोनदा दाबलं.

बादल उघडला नाही. एक लहानशी पाटी आली, तिच्यावर एक रेघ हळूहळू भरत होती. मी सुनंदाकडं पाहिलं.

"अपडेट घेतोय, मामा. लई दिवस उघडला नव्हता ना. जेवढं राह्यलं तेवढं सगळं आता घेणार."

"किती वेळ?"

"नेटवर हाय."

नऊ वाजले. दौलतच्या मोबाईलवर पुतण्याचा फोन आला. तो म्हणाला, "काका, पान उघडलं. मी भरू का?" दौलतनं माझ्याकडं पाहिलं. मी पडद्याकडं पाहत होतो. दौलत फोनमध्ये म्हणाला, "थांब जरा. नानाचं चाललंय." मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं.

रेघ अर्ध्यावर येऊन उभी राहिली. पाय रोवून.

सुनंदा माझ्या खांद्यामागं उभी होती. हळू म्हणाली, "मामा, दुसरा उघडू का? भोळ्या तयार हाय, सकाळपासून चालूच हाय."

घाटात उभा केलेला बैल. पन्नासहून जास्त वर्षं झाली, पण तो आवाज मला आबांच्या तोंडून नीट आठवतो, आणि वाक्य माझ्या तोंडात आलंही होतं. दौलत बापासारखाच बसला होता, गुडघ्यावर हात ठेवून, उठायच्या तयारीत. आत इंदू फडक्यावर बेसन थापत होती, त्याचा पट पट आवाज येत होता, आणि मला दिसलं की आज पुन्हा तीन दिवस मासवड्या खायला लागणार. बादलला काय वाटेल याचा मी विचार केला. त्याला काही वाटणार नव्हतं. बैलालाही त्या दिवशी काही वाटलं नव्हतं असा मला आयुष्यात पहिल्यांदा संशय आला.

मी म्हणालो, "जुंप."

सुनंदानं भोळ्या पुढं घेतला. पान आलं, चित्रं मागनं येत राहिली, त्यांची कुणी वाट बघितली नाही. मी पासवर्डासाठी बोट उचललं आणि ते वरच राहिलं. माझं नाव भरलेलं होतं. काळे ठिपकेही भरलेले होते.

"हे पुसायला सांगितलं व्हतं," मी म्हणालो.

"राहून गेलं, मामा," सुनंदा म्हणाली. तिची कामं राहून जात नाहीत. "दाबा."

मी दाबलं. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग टोकन आलं, अगदी खालचं, संध्याकाळच्या बारीचं. त्याच्या खाली लगेच पाटी पडली की नोंदणी पूर्ण झाली. दौलतनं पुतण्याला फोन लावून सांगितलं, "निघालं. नानानी काढलं." मी त्याला दुरुस्त केलं नाही. बादल त्यानंतर बराच वेळानं उघडला, नवा कोरा, आणि विचारायला लागला की आमच्यात काय काय नवीन आलंय ते बघणार का.

दौलत जेवायला बसला. इंदूनं चार वड्या वाढल्या, वर रस्सा. त्यानं पहिला घास खाल्ला आणि ताटाकडं बघतच राहिला. म्हणाला, "काकू, आमचा बाप सांगायचा, ह्या घरची मासवडी लई भारी."

इंदू म्हणाली, "ते कवा जेवले व्हते हितं?"

"जेवले नव्हते. दारावरनं गेले तवा वास आला व्हता म्हणं."

मी त्याला आणखी दोन वड्या वाढल्या. आमच्याकडं पुरुष वाढत नाहीत, त्यामुळं रस्सा थोडा सांडला.

यात्रेत आमची बारी दिवस कलताना आली. जुपणीला कुणी पाय रोवले नाहीत. माझी जोडी दौलतच्या जोडीमागं वर गेली तेव्हा घड्याळ माझ्या हातात होतं, पण ते मी वेळेवर थांबवलं नाही. आयुष्यात तसं पहिल्यांदा झालं. गाडा कितव्यात आला ते लिहीत नाही. घाटातल्यांना माहीत आहे, आणि बाकीच्यांना सांगून फरक पडत नाही. त्यानंतर त्या जोडीला मी पळवलं नाही. ती आता दावणीला आहे आणि माझ्या आधी जेवते.

भोळ्यानं त्या दिवशी मला वाचवलं हे मी मान्य करतो. तरी हाताच्या परीक्षेत मी त्याला पास करत नाही. ज्या खोडीनं त्यानं माझं काम केलं ती खोडच आहे. सुनंदाला सांगून माझं नाव त्यातनं पुसून घेतलं, आणि या वेळी पुसलं का ते किसनला बसवून बघितलं. आता रोज पहाटे अलार्म वाजला की मी गोठ्यात वैरण टाकतो, चहा घेतो आणि कॉम्प्युटर लावतो. मग बादल, चित्र्या, भोळ्या, तिघांना एकेक करून उघडतो, बाजारभावाच्या पानापर्यंत फिरवून आणतो आणि बंद करतो. सुनंदा म्हणते, मामा, रोज फिरवायची गरज नसते, आठवड्यातनं एकदा पुरतं. मी ऐकून घेतो. मग फिरवतो.